स्केरीज

आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक लहान बंदर आणि डब्लिनला रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांचे गाव. डब्लिनच्या उत्तरेस सुमारे ३० किमी. अंतरावर ते वसले आहे. १९९४ मध्ये जुन्या डब्लिन काउंटीची विभागणी झाली, तेव्हापासून ते फिंगल काउंटीत मोडते. लोकसंख्या दहा हजारांहून थोडी अधिक. गावासमोर शेनिक, कोल्ट आणि सेंट पॅट्रिक ही बेटे आहेत. त्यांच्यापलीकडे खोल समुद्रात रॉकबिलचे खडक आणि त्यांवरचे दीपगृह दिसते. रेड आयलंड हे मात्र नावापुरतेच बेट. ते केव्हाच जमिनीला जोडले गेले असून गावकरी संध्याकाळी त्याला वळसा घालून फिरून येतात.

‘स्केर’ म्हणजे समुद्रातला खडक. हा शब्द व्हायकिंग या उत्तर युरोपातल्या समुद्री लुटारूंच्या नॉर्स भाषेतला, तो आयरिशमध्ये मुरला आणि त्यातून गावाचे ‘ना स्केरी’, म्हणजे ‘खडक’, हे नाव झाले. शेजारच्या होमपॅट्रिक भागाच्या नावातला ‘होम’ हाही नॉर्समधलाच. त्याचा अर्थ बेट. लुटायला आलेल्यांच्या भाषेतली नावे गावाने अशी आपलीशी करून टाकली.

गावाची ओळख मात्र एका बकरीने ठरवली. दंतकथा अशी, की धर्मप्रसारासाठी आयर्लंडला आलेला संत पॅट्रिक समोरच्या बेटावर उतरला होता आणि दुधासाठी त्याने एक बकरी पाळली होती. तो मुख्य भूमीवर उपदेशाला गेलेला पाहून स्केरीजचे लोक बेटावर गेले, बकरी पळवली आणि कापून खाल्ली. परत आल्यावर संताने दोनच ढांगा टाकल्या. पहिली कोल्ट बेटावर पडली, दुसरी रेड आयलंडवर. त्याने लोकांना जाब विचारला. ते कानांवर हात ठेवायला गेले, तर तोंडातून शब्दच फुटेना, नुसते ‘बेंऽऽ’ निघू लागले. चोरी कबूल केल्यावरच वाचा परत आली. दुसऱ्या ढांगेचा ठसा म्हणून रेड आयलंडच्या खडकावर एक खळगा आजही दाखवतात. आसपासचे लोक स्केरीजकरांना ‘बकऱ्या’ म्हणून चिडवतात. पण गावाने हे टोपणनाव एवढ्या आनंदाने मिरवले आहे, की १९२६ मध्ये स्थापन झालेल्या रग्बी क्लबचे खेळाडूही त्याच नावाने ओळखले जातात. चोरीची कथा अभिमानाने सांगणारी गावे थोडीच असतील.

दंतकथेपलीकडचा इतिहासही त्याच बेटावर सुरू होतो. तिथे मठ होता. इ. स. ७९८ मध्ये परधर्मीयांनी ‘पॅट्रिकचे बेट’ जाळले आणि डो-कोना या संताची अवशेषपेटी फोडली, अशी नोंद अल्स्टरच्या बखरीत आहे. हे बेट स्केरीजजवळचेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर आयर्लंडवरच्या अगदी सुरुवातीच्या व्हायकिंग हल्ल्यांपैकी हा एक. पुढे ११४८ मध्ये आयरिश चर्चच्या सुधारणेसाठी संत मॅलकी याने याच बेटावर धर्मसभा भरवली. एवढ्याशा वाऱ्या-पावसाच्या खडकावर देशभरचे धर्मगुरू होड्यांतून कसे जमले असतील, याचे नवल वाटते. सुमारे १२२० मध्ये मठ किनाऱ्यावर होमपॅट्रिकला हलवला गेला आणि बेट ओस पडले.

त्यानंतरची काही शतके मासेमारीची आणि दळणाची. पुरुष समुद्रावर जात, बायका मलमलीवर भरतकाम करून संसाराला हातभार लावत. गावाच्या टेकाडावर दोन पवनचक्क्या आहेत, एक पाच पात्यांची, दुसरी चार पात्यांची व गवताने शाकारलेली. खाली तळ्याकाठी एक पाणचक्की आहे. वारा पडला तर पाणी आणि पाणी आटले तर वारा, अशी ही सोय होती. विसाव्या शतकात चक्क्या पडीक झाल्या होत्या. त्या दुरुस्त होऊन १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोकांसाठी खुल्या झाल्या. नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीने इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले दोन गोल मार्टेलो बुरूजही इथे आहेत, एक रेड आयलंडवर, दुसरा शेनिक बेटावर. नेपोलियन आलाच नाही. शेनिकला ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत जाता येते, पण भरतीचे वेळापत्रक न पाहता गेलेल्यांना आणायला जीवरक्षक नौका काढावी लागते.

गावाचे नशीब बदलले ते १८४४ मध्ये. त्या वर्षी डब्लिन–ड्रोहेडा लोहमार्ग सुरू झाला आणि स्केरीजला स्थानक मिळाले. सुरुवातीला गाडीतून आले ते समुद्रस्नानाचे हौशी. या पर्यटनाचा कळस म्हणजे १९४७ मध्ये एमन क्विन यांनी रेड आयलंडवर उघडलेली सुटीची छावणी. पाहुण्यांनी सुरुवातीलाच एकरकमी पैसे भरायचे, मग राहणे, जेवण, करमणूक सगळे त्यातच. मालकाचा मुलगा फर्गल पोरवयापासून तिथे राबला आणि एक धडा शिकला: पैसे आधीच मिळालेले असल्याने आता पाहुण्याकडून आणखी काही उकळायचे नाही, तो पुढच्या वर्षी परत कसा येईल एवढेच पाहायचे. याच सूत्रावर त्याने पुढे सुपरक्विन ही दुकानांची साखळी उभी केली आणि तो आयर्लंडचा सिनेटरही झाला. स्वस्त विमानप्रवासाने आयरिश माणूस स्पेनच्या उन्हात जाऊ लागला आणि छावणी बंद पडली. आता तिथे मोकळे मैदान आहे.

पर्यटक आटले, पण रूळ होते. १९९० च्या दशकात आयर्लंडची अर्थव्यवस्था उसळली, डब्लिनमधली घरे आवाक्याबाहेर गेली आणि तरुण कुटुंबे उत्तरेकडे सरकली. सकाळी फलाटावर उभे राहायचे, डब्लिनच्या कॉनली स्थानकावर उतरायचे, संध्याकाळी परत. डब्लिनची विजेवर चालणारी डार्ट ही उपनगरी गाडी २००० पासून मॅलहाइडपर्यंत येते. स्केरीज त्याच्या पुढे, त्यामुळे इथल्या प्रवाशांच्या वाट्याला डिझेलच्या गाड्या आल्या. मार्गाचे विद्युतीकरण ड्रोहेडापर्यंत नेण्याची योजना आहे.

हे सारे किती नाजूक धाग्यावर लोंबते, ते २१ ऑगस्ट २००९ च्या संध्याकाळी दिसले. मॅलहाइडच्या खाडीवरील रेल्वेपुलाचा एक खांब खचला आणि सुमारे २० मीटरचा भाग पाण्यात कोसळला. बॅलब्रिगनहून डब्लिनला निघालेली गाडी क्षणभर आधीच पार झाली होती. चालकाने धोक्याची सूचना दिली आणि कोणालाही इजा झाली नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने खांबाखालचा तळ पोखरला होता. पाण्याचा प्रवाह विचित्र दिसतोय, हे खाडीत नौका चालवणाऱ्या मॅलहाइडच्या सागरी स्काउटांनी काही दिवस आधीच कळवले होते. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. खांबांभोवतीचा दगडांचा थर सतत भरत राहावा लागतो, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. ती निवृत्त झाली आणि माहिती त्यांच्याबरोबर गेली. पूल १६ नोव्हेंबरला सुरू झाला. मधले तीन महिने स्केरीजकरांनी बदली बसमध्ये आणि रस्त्यावरच्या कोंडीत काढले.

नुसते झोपायला परतायचे, अशी शयनगृहासारखी उपनगरे अनेक असतात. स्केरीज तसे झाले नाही, याचे श्रेय संस्थांना द्यावे लागेल. नौकानयन, रग्बी, गेलिक खेळ, इतिहास मंडळ या सगळ्यांत जुनी घराणी आणि नवे रहिवासी एकत्र दिसतात. १९८१ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या जीवरक्षक नौकेवर स्वयंसेवक असतात. आसपासच्या रस्त्यांवरची ‘स्केरीज १००’ ही मोटारसायकल शर्यत १९४६ मध्ये सुरू झाली. घरांच्या कुंपणांना घासून जाणाऱ्या त्या गाड्यांबद्दल मतभेद असणे साहजिकच. आयर्लंडभर १९५८ पासून चालणाऱ्या ‘टायडी टाउन्स’ या स्वच्छ-सुंदर गावांच्या स्पर्धेत २०१६ मध्ये स्केरीज देशात पहिले आले. फुलझाडे लावणारे हात पगारी नव्हते.

रॉकबिलचे दीपगृह १८६० मधले. १९८९ मध्ये ते स्वयंचलित झाले आणि राखणदार उतरले. पण खडक रिकामा राहिला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात गुलाबी सुरय पक्षी पश्चिम आफ्रिकेहून इथे वीण घालायला येतात. युरोपातली त्यांची ही सर्वांत मोठी वसाहत आहे. त्यांच्यासाठी लाकडी घरटी मांडून ठेवतात आणि हंगामभर पक्षिरक्षक दीपगृहातच मुक्काम करतात.