महसुली घरातून हायकोर्टात : एका मराठवाडी वकिलाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या जमिनीच्या दाव्यात वकिलाला कायद्याच्या आधी जुने महसुली दफ्तर वाचता यावे लागते. ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी उमेदवारीची चार वर्षे काढली, त्यांना ही विद्या सनदेच्या कितीतरी आधी अवगत होती. त्यांचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे पटवाऱ्यांच्या नोंदी तपासणारे अधिकारी, होते. वडील तहसिलीत कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. सरकारी नोकरीतल्या घरातला मुलगा म्हटला की लोक ओळखीपाळखी आणि वशिल्याचा हिशेब करू लागतात. साहेबांच्या, म्हणजे माझ्या या ज्येष्ठांच्या, बाबतीत मात्र घरातून आलेली शिदोरी वेगळी होती आणि ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तहसिलीचे आणि न्यायालयाचे काम उर्दूत चाले, 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते, आणि कागदांवर साल पडे ते फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे. पटवारी, गिरदावर, पेशकार, तहसीलदार अशी चढती उतरंड होती. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला तालुकदार म्हणत. गिरदावराचे काम गावोगाव फिरून पटवाऱ्याने लिहिलेले तपासण्याचे. साहेबांच्या आजोबांना गावातली मोडी आणि कचेरीतली उर्दू दोन्ही सहज वाचता येत, आणि हेच ज्ञान घरात पुढे झिरपले. साहेबांच्या टेबलाच्या उजव्या खणात आजही वडिलांच्या हातचे, निळ्या शाईतले एक कोष्टक आहे. डावीकडे फसली सन, उजवीकडे इसवी सन आणि वर एकच ओळ : ‘590 मिळवावे’. नव्या ज्युनिअरला पहिल्या दिवशी तेच दाखवले जाई. मला त्यातले महत्त्व कळायला दोन वर्षे लागली, हे कबूल केले पाहिजे.

संस्थान भारतात आणणाऱ्या 1948 च्या पोलीस कारवाईनंतर जुनी व्यवस्था मोडली, कागद मात्र राहिले. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1950 मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला, तरी हा कूळ कायदा या भागापुरता चालूच राहिला. म्हणून पुण्याकडचा चांगला वकीलही ‘38-ई’ किंवा ‘50-ब’ हे शब्द ऐकून क्षणभर थबकतो, तर इकडच्या शेतकऱ्याला ही कलमे तोंडपाठ असतात. वडील नोकरीला लागले ते याच धामधुमीत. 1954-55 च्या खासरा पत्रकाच्या, म्हणजे गावातल्या जमिनींच्या गटवार नोंदवहीच्या, कामावर ते होते. आजही जमिनीची मालकी मागे नेत नेत पाहायची झाली की मराठवाड्यातला वकील बहुधा त्या खासऱ्यापाशीच पोचतो.

साहेबांचे बालपण बदल्यांमध्ये गेले. चार तालुक्यांत पाच शाळा झाल्या. 1972 च्या दुष्काळात ते शाळकरी होते. खडी फोडण्याच्या कामांची मस्टरे, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रके, वडील रात्री घरी आणून कंदिलाशी तपासत आणि मुलाकडून बेरजा पडताळून घेत. हजेरीच्या रकान्यातल्या एका चुकीच्या खुणेने बाईची दिवसाची मजुरी बुडते, हे त्यांना तिथे समजले. 1974 मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले तेव्हा वर्गातली निम्मी मुले मोर्चात होती. वडील सरकारी नोकर, त्यामुळे साहेब घरी राहिले. त्याची बोचणी त्यांच्या बोलण्यातून अधूनमधून डोकावते.

औरंगाबादेतून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी सनद काढली आणि परभणीच्या जिल्हा न्यायालयात एका दिवाणी वकिलाकडे बसू लागले. मुलाने स्पर्धा परीक्षा देऊन तहसीलदार व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती, पण त्यांनी फार ताणले नाही. पहिली दोन वर्षे पगार असा नव्हताच. तारीख घ्यायची, नकलेचा अर्ज करायचा, अभिलेख कक्षातल्या धुळीत बसून मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, शोधायची आणि बसच्या भाड्याचे पैसे संध्याकाळी मागायचे. याच काळात आजोबांची विद्या उपयोगी पडली. उर्दूतली जुनी पाहणी पत्रके स्वतः वाचू शकणारा तरुण वकील तेव्हाही दुर्मीळ होता, आणि ज्येष्ठ वकील ती वाचून घ्यायला आपणहून त्यांना बोलावू लागले.

अपील करायचे तर मुंबई गाठावी लागे. परभणीहून मीटरगेजने मनमाड, तिथे गाडी बदलून पुढचा प्रवास, आणि मुंबईच्या न्यायालयात हैदराबादी कायद्याची पहिल्यापासून ओळख करून द्यायची. 27 ऑगस्ट 1981 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश औरंगाबादेत बसू लागले, तेव्हा मराठवाड्यातल्या वकिलांची एक पिढीच जिल्ह्याजिल्ह्यांतून तिकडे सरकली. साहेबही त्यात होते. ती व्यवस्था न्यायालयातच आव्हानित झाली. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली आणि 27 ऑगस्ट 1984 रोजी कायम खंडपीठ झाले. मधली वर्षे अनिश्चिततेची होती. बिऱ्हाड हलवावे की नाही, या विचारात अनेकांनी भाड्याच्या एका खोलीत दिवस काढले.

खंडपीठ कायम झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला एक प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला. वारसाच्या फेरफाराविरुद्ध अपील करण्यासाठी एक पक्षकार कागद घेऊन आला. नोंद प्रमाणित केल्याची सही पाहिली तर ती वडिलांची. साहेबांनी घेतलेली फी परत केली आणि पक्षकाराला शेजारच्या वकिलाकडे पाठवले. रात्री ही गोष्ट निवृत्त वडिलांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी नक्कल मागवून घेतली, चष्मा लावला, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “बहिणीला नोटीस बजावलेली दिसत नाही. माझ्या नजरेतून सुटलं.” पुढे उपविभागीय अधिकाऱ्यांनी त्याच मुद्द्यावर नोंद रद्द करून प्रकरण फेरचौकशीला पाठवले.