अराकींचं पुस्तक मागवण्याआधी हे वाचा

"अराकींचं ते हनिमूनचं पुस्तक मागवून द्या ना." देतो की! पण नुसत्या नावावर ऑर्डर घेणं आम्ही बंद केलंय, कारण घोळ तिथेच होतो.

जपानी फोटोग्राफर नोबुयोशी अराकींच्या नावावर पाचशेच्या घरात पुस्तकं आहेत. त्यात 'सेंटिमेंटल जर्नी' हे नाव पुन्हा पुन्हा येतं. पहिलं १९७१ चं. देन्त्सू या जाहिरात कंपनीत नोकरीला असताना तिथल्याच योकोशी लग्न केलं आणि मधुचंद्राच्या फोटोंचं हे पुस्तक स्वखर्चाने छापलं, फक्त १००० प्रती. नावेत अंग मुडपून झोपलेल्या योकोचा प्रसिद्ध फोटो त्यातलाच. ती मूळ प्रत आता संग्राहकांच्या बाजारात, किंमत बसूनच विचारा.

जानेवारी १९९० मध्ये योको कॅन्सरने गेल्या. पुढच्या वर्षी शिंचोशा प्रकाशनाने 'सेंटिमेंटल जर्नी / विंटर जर्नी' काढलं. यात मधुचंद्रातले मोजकेच फोटो, बाकी हॉस्पिटल, अंत्यविधी, बर्फ आणि चिरो नावाची मांजर. हे हातात पडल्यावर "अर्धे फोटो गायब आहेत" असा फोन येतो. गायब काही नाही, पुस्तकच वेगळं आहे.

म्हणून कव्हरचा स्क्रीनशॉट पाठवू नका. साल आणि प्रकाशक कळवा. जपानी पुस्तकात ही नोंद बहुधा शेवटच्या पानावर असते. विक्रेत्याकडून त्या पानाचा फोटो मागवून आम्ही तुम्हाला दाखवतो, तुमचा होकार आला की निम्मी रक्कम आगाऊ घेतो. ती परत होत नाही. काहींना हे जाचक वाटतं, पण टोकियोहून आलेलं पुस्तक परत पाठवण्याचा खर्च कधीकधी पुस्तकाइतकाच होतो.

दोरांनी बांधलेल्या स्त्रियांच्या फोटोंची पुस्तकं आम्ही मागवत नाही. अश्लीलतेवरून अराकींना जपानमध्येही दंड झाला होता. इथे एक पुस्तक कस्टम्सने अडवलं की त्या पार्सलमधली सगळ्यांचीच अडकतात. शिवाय २०१८ मध्ये काओरी या त्यांच्या अनेक वर्षांच्या मॉडेलने जाहीरपणे लिहिलं, की करार नव्हता, पुरेसे पैसे नव्हते, फोटो तिला न विचारता वापरले गेले. कोणी विचारलं तर हे आम्ही सांगतोच. मोठा फोटोग्राफर आहे म्हणून झाकून ठेवण्यासारखं ते नाही.

पहिलंच पुस्तक घेणार असाल तर १९९१ चं घ्या. मजकूर जपानीत आहे, पण अडत नाही. दुकानात पाहायची एक प्रत ठेवली आहे, हात कोरडे करून चाळा.