प्राचीन इराणी तलवार : बाण संपल्यावरचे हत्यार

प्राचीन इराणी योद्धा म्हटला की चित्रकार त्याच्या हाती वाकडी समशेर देतात. ती समशेर जवळपास दोन हजार वर्षांनंतरची आहे. पहिल्या मोठ्या इराणी साम्राज्याच्या, हखामनी सम्राटांच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ५५० ते ३३०, इराणी सैनिकाची तलवार आखूड, सरळ आणि दुधारी होती, आणि लढाईत तिचा नंबर सर्वांत शेवटी लागे.

इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथील कबरीवरच्या शिलालेखात हखामनी सम्राट पहिला दरायस स्वतःची युद्धकौशल्ये मोजतो: मी उत्तम घोडेस्वार, उत्तम धनुर्धर, उत्तम भालाईत, धनुष्य आणि भाला पायी चालवतो तसाच घोड्यावरूनही. तलवारीचा उल्लेख नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की इराणी मुलांना पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत तीनच गोष्टी शिकवत: घोड्यावर बसणे, बाण मारणे आणि खरे बोलणे. तलवारबाजीचा ग्रंथ त्या काळाने मागे ठेवलेला नाही. तंत्र वाचायचे ते पात्याच्या लांबीवरून, म्यान कुठे आणि कसे टांगले होते यावरून, आणि दुसऱ्या हातात काय होते यावरून.

ग्रीकांनी ‘अकिनाकेस’ म्हटलेली ही तलवार साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरची, म्हणजे मोठ्या कट्यारीएवढी. मुठीच्या वरच्या टोकाला आडवा दांडा, पात्याच्या मुळाशी दोन पाकळ्यांची छोटी परज, म्हणजे हात वाचवणारी आडवी पट्टी. एवढ्याशा परजेवर समोरच्याचा वार झेलता येत नाही. तेव्हा पात्यावर पाते अडवून लढण्याचे हे हत्यार नव्हे. ते खुपसण्यासाठी होते. हखामनी राजधानी पर्सेपोलिसच्या दारांवरील शिल्पांत वीर डाव्या हाताने श्वापदाला पकडतो आणि उजव्या हातातील पाते त्याच्या पोटात घालतो. शिल्प राजवैभवाचे असले तरी हालचाल खरी आहे: आधी पकड, मग भोसकणे.

म्यान उजव्या मांडीवर असे. वरच्या बाजूला पंखासारखा भाग, त्यातून वादी कंबरपट्ट्याला बांधलेली. खालचे टोक दोरीने मांडीला आवळलेले. घोड्यावर म्यान उडत नाही, उपसताना पात्याबरोबर वर येत नाही. डाव्या हातातील ढाल किंवा धनुष्य आड न येता उजवा हात सरळ मुठीवर जातो. पाते एवढे आखूड असल्यामुळेच उजव्या बाजूने, त्याच हाताने, ते झटकन निघते. मीटरभर लांब पाते असे उपसू पाहाल तर कोपर वर जाऊन बगल उघडी पडते.

या रचनेत म्यानाच्या टोकाची टोपी महत्त्वाची. ती ढिली झाली की अणकुचीदार पाते मांडीलाच टेकते. हेरोडोटसच्या म्हणण्यानुसार हखामनी राजा कॅम्बिसिसचा अंत असाच झाला: इ.स.पू. ५२२ मध्ये घोड्यावर उडी घेताना टोपी निखळली, उघडे पाते मांडीत घुसले, जखम सडली आणि तो मेला.

पायदळाचे तंत्र वेताच्या ढालीभोवती उभे होते. ओल्या चामड्यातून काठ्या ओवायच्या. चामडे वाळताना आकसते आणि ढाल ताठ होते. हलकी आणि बाण अडवणारी. पुढची रांग अशा मोठ्या ढाली जमिनीवर टेकवून भिंत करी, मागून धनुर्धर बाणांचा वर्षाव करीत. शत्रू विस्कळीत झाला की भाले, आणि भाल्याच्याही आत आला तरच अकिनाकेस.

ही साखळी कुठे तुटते ते इ.स.पू. ४७९ मध्ये ग्रीसमधील प्लाटियाच्या लढाईत दिसले. ग्रीक पायदळ बाण सोसत भिंतीपर्यंत पोचले. तिथे आधी ढालींपाशी झुंज झाली, भिंत पडली, आणि मग धनुर्धर जवळजवळ उघडे पडले. इराण्यांचे भाले ग्रीकांपेक्षा आखूड होते. त्यांनी ग्रीक भाले हातांनी धरून मोडायला सुरुवात केली. आखूड तलवारवाल्यापुढे दुसरा मार्गच नसतो: भाल्याचे टोक ओलांडून आत शिरल्याशिवाय पाते पोचत नाही. पण ते एकेकटे किंवा दहा-दहाच्या घोळक्याने धावून जात होते, आणि समोर अखंड रांग होती. एक भाला धरेपर्यंत शेजारचा भाला बरगडीत. हेरोडोटस स्पष्ट लिहितो की धैर्यात आणि बळात ते कमी नव्हते. कमी होते ते संरक्षण आणि या प्रकारच्या लढाईचे कसब. पराभवाचे कारण ‘भित्रे पौर्वात्य’ असे सांगणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेले नसते.

घोडेस्वाराची गरज वेगळी. उंचावरून खुपसणे अवघड, छाटणे सोपे. म्हणून ग्रीक सेनानी-लेखक झेनोफन स्वाराला सरळ तलवारीऐवजी ‘कोपिस’ घ्यायला सांगतो: एकधारी, पुढे झुकलेली, वजन टोकाकडे असलेली. इराणी स्वारही ती वापरत. तिचा दोष असा की जोर आणायला हात डोक्यामागे न्यावा लागतो. इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकस नदीवर इराणी सुभेदार स्पिथ्रिडेटीसने अलेक्झांडरवर मागून कोपिस उगारली, आणि ती खाली येण्याआधीच अलेक्झांडरचा सरदार क्लेटस याने त्याचा हात खांद्यापासून तोडला. शेवटचा हखामनी सम्राट तिसरा दरायस याने पुढे अलेक्झांडरशी झालेल्या गौगामेलाच्या लढाईपूर्वी सैन्याला अधिक लांब तलवारी आणि भाले दिले, असे ग्रीक इतिहासकार डायोडोरस नोंदवतो. हत्यार बदलले, पण त्यासोबत लागणारी घट्ट रांग काही महिन्यांत तयार होत नाही.

पुढे इराणवर राज्य करणाऱ्या पार्थियनांनी प्रश्न उलट बाजूने सोडवला: बाण संपूच द्यायचे नाहीत. इ.स.पू. ५३ मध्ये काऱ्हे येथे रोमनांविरुद्ध पार्थियन सेनापती सुरेनाने बाणांनी लादलेले उंट मागे ठेवले होते. भाते रिकामे होतील आणि हातघाई होईल, या आशेवर क्रॅससचे रोमन सैन्य थांबले आणि तेच बुडाले.

भाता म्हणजे ३० बाण. मुंबईच्या अग्यारींत आजही रात्री पठण होणाऱ्या वेंदिदाद या पारशी धर्मग्रंथामध्ये योद्ध्याच्या बारा वस्तूंची यादी आहे. तिच्यात तीस बाण आहेत आणि गोफणीचे तीस गोटेही. पार्थियनांनंतरच्या ससानी घराण्यातील राजा पहिला खुस्रो (इ.स. ५३१-५७९) याच्या सैन्याच्या हजेरीतही तीसच: घोड्याची पाखर, चिलखत, तलवार, भाला, ढाल, गदा, दोन धनुष्ये, ३० बाण आणि धनुष्याच्या दोन जादा दोऱ्या. इतिहासकार अल-तबरी सांगतो की खुद्द खुस्रो तपासणीला आला तेव्हा त्या दोन दोऱ्या विसरला होता, आणि तपासनीस बाबकने त्याला अडवले. मिनिटाला सहा बाण सोडले तर असा भाता पाच मिनिटांत रिकामा होतो. त्यानंतर गदा आणि तलवार.

ससानी तलवार मात्र बदललेली होती: सरळच, पण सुमारे मीटरभर लांब, आणि डाव्या बाजूला. चांदीच्या थाळ्यांवरील शिकारदृश्यांत तर्जनी परजेवरून पुढे, पात्याच्या मुळावर ठेवलेली दिसते. लांब पात्याचे टोक मनगटात वळू न देता हवे तिथे नेण्यासाठी ही पकड उपयोगी. तोटा उघड आहे: ते बोट परजेच्या बाहेर राहते, म्हणून ज्याचा भर समोरचे पाते पात्यावर अडवण्यावर आहे त्याने ती घेऊ नये.

आधी म्यान एकाच उभ्या पट्ट्यावर लोंबे. सहाव्या शतकाच्या अखेरीस तुर्कांच्या संपर्कातून दोन ठिकाणी टांगण्याची पद्धत आली. म्यान तिरपे, जवळजवळ आडवे राहते आणि स्वाराला लांब पाते एका ओढीत काढता येते. वाकडी तलवार याच टांगणीला सोयीची ठरली, पण इराणात ती रुजली मंगोल स्वाऱ्यांनंतर, आणि आपल्याकडे दख्खनमध्ये ओळखीची असलेली खोल बाकाची समशेर ही तर सोळाव्या-सतराव्या शतकातील इराणच्या सफवी राजवटीतील कारागिरांची घडण.