बॉझवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डचा मृत्यू

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी लेस्टरशर परगण्यातील बॉझवर्थच्या लढाईत मारला गेला. रणांगणात पडलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा.

गादीचा वाद १४८३ चा. चौथा एडवर्ड एप्रिलमध्ये वारला तेव्हा त्याचा वारस बारा वर्षांचा होता. भावाचे लग्नच अवैध आणि म्हणून त्याची मुले अनौरस, असे ठरवून काका रिचर्डने ६ जुलैला स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. प्रतिस्पर्धी हेन्री ट्यूडरचा हक्क तर त्याहून लंगडा: आईकडून आलेला, तोही मुळात अनौरस शाखेतला. अशा भांडणात दावेदार मेला की दावा संपतो. रिचर्डची लढाईतली अखेरची चाल, हेन्रीवरच थेट हल्ला, याच हिशेबाने पाहावी; ती नुसती आततायी उडी नव्हती.

त्याची आघाडी सांभाळणारा नॉरफकचा ड्यूक लढाईत पडला. पिछाडीची नॉर्थम्बरलंडच्या अर्लची फौज जागची हलली नाही आणि स्टॅन्ली बंधू हे सरदार आपले सैन्य घेऊन बाजूला उभे होते. हेन्री थोड्या लोकांनिशी दिसताच रिचर्ड निवडक स्वारांसह त्याच्यावर तुटून पडला. हेन्रीचा निशाणबरदार विल्यम ब्रँडन मारला गेला. तेवढ्यात विल्यम स्टॅन्लीचे सैन्य रिचर्डवरच चालून आले. रिचर्डचा घोडा दलदलीत रुतला होता, असे समकालीन वृत्तांत सांगतात.

पुढचे हाडे सांगतात. २०१२ मध्ये लेस्टर येथे एका वाहनतळाखाली, जुन्या ग्रेफ्रायर्स मठाच्या जागी, त्याचा सांगाडा सापडला. मृत्यूच्या सुमाराच्या ११ जखमा, पैकी ९ कवटीवर. हातांवर वार अडवल्याच्या खुणा नाहीत. म्हणजे अंगावर चिलखत होते, शिरस्त्राण मात्र गेलेले. कवटीच्या तळाशी मागून बसलेले दोन घाव जीवघेणे ठरले असावेत. त्यांतला मोठा लांब दांड्याच्या परशूसारख्या शस्त्राचा असू शकतो. कमरेच्या हाडावरील जखम चिलखत असताना होणे कठीण. ती उघड्या प्रेताची विटंबना दिसते. खड्डाही लांबीला अपुरा होता, त्यामुळे डोके एका बाजूला टेकवलेले होते.

हेन्रीने आपली कारकीर्द २१ ऑगस्टपासून, लढाईच्या आदल्या दिवसापासून, मोजली. त्यामुळे २२ तारखेला रिचर्डच्या बाजूने लढलेले कायद्याने राजद्रोही ठरले.