गाडी कुठं थांबवायची? डोंगरातल्या गावांच्या प्लॅनिंगची पार्श्वभूमी

डोंगरातल्या छोट्या गावाचा आराखडा करायचा म्हटलं की पहिल्याच मीटिंगला कुणीतरी म्हणतंच, "गाव चालण्यासारखं हवं". लगेच फरसबंदी, बाक, दिवे, फुलांच्या कुंड्या यांचे फोटो फिरायला लागतात. हे सगळं लागतं, नाही असं नाही. पण मागची दीडशे वर्षं चाळून बघितली तर कुंड्यांवरून भांडणं झालेली दिसत नाहीत, खरी भांडणं झाली ती दोन गोष्टींवरून: गाडी कुठं थांबवायची, आणि चालत जाण्याच्या अंतरात राहायला कुणाला मिळणार.

मुळात ही गावं चालणाऱ्यांचीच होती, दुसरा पर्यायच नव्हता. आल्प्समधल्या जुन्या गावांत सपाट जमीन मूठभर, ती शेताला आणि गवताला ठेवायची, म्हणून घरं एकमेकांना चिकटून, मधे चर्च आणि पाण्याचा हौद, गल्ली एवढीच की लादलेलं खेचर निघावं (सगळीकडे असं नव्हतं म्हणा, काही खोऱ्यांत लोक विखुरलेल्या वस्त्या करून राहायचे). कुठं बांधायचं नाही हेही ठरलेलं असायचं. स्वित्झर्लंडमधल्या आन्डरमाट गावाने १३९७ मध्येच गावावरच्या उतारावरचं जंगल तोडायला लेखी बंदी घातली, कारण हिमस्खलन अडवायला तेवढी झाडंच होती. तेव्हा झोनिंग (कुठल्या भागात काय बांधायचं, काय नाही याचे नियम) हा शब्द नव्हता, पण काम तेच.

आता मैदानातल्या लोकांनी केलेलं एक माप इथं गोंधळ घालतं. १९२९ मध्ये अमेरिकेत क्लॅरेन्स पेरीने वस्तीच्या रचनेची कल्पना मांडली, शाळेपासून साधारण पाव मैल म्हणजे ४०० मीटरच्या आत घरं, आणि तेव्हापासून "पाच मिनिटांचं चालणं" हे प्लॅनिंगमधलं पाठ झालेलं वाक्य आहे. डोंगरात ते चालत नाही. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्येच हिशोब देऊन ठेवलाय: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ४०० मीटर अंतरात ५० मीटर चढ असेल तर पाचाची दहा मिनिटं झाली, आणि ५० मीटर म्हणजे जवळजवळ पंधरा-सोळा मजले, तेही हातात सामान आणि पायाखाली बर्फ असताना! नकाशावर कंपासने गोल काढून "सगळं वॉकिंग डिस्टन्समध्ये आहे" म्हणणाऱ्यांना हा हिशोब आधी करायला लावला पाहिजे.

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटचं उदाहरण सगळेच देतात, पण ते गाव ठरवून गाडीमुक्त वगैरे झालेलं नाही, आधी नशीब होतं आणि मग हट्ट. १८६५ मध्ये गावाजवळचं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा सर झालं, सात जण वर गेले आणि उतरताना चौघे मेले, त्या बातमीने गाव जगभर पोचलं. १८९१ मध्ये रेल्वे आली. मोटारगाड्यांचा जमाना यायच्या आधीच टुरिस्ट स्टेशनवर उतरून चालत हॉटेलात जायला लागला होता, हॉटेलं, दुकानं, गल्ल्या सगळं त्या हिशोबाने वाढलेलं. मग रस्ता टेश गावापर्यंत आला, झरमॅट तिथून फक्त पाच किलोमीटर, आणि इथं गावकऱ्यांनी मतदान करून सगळ्यांसाठी खुला रस्ता नाकारला. आजही गाडी टेशला ठेवायची आणि पुढं शटल ट्रेन. गावात चालतात त्या छोट्या चौकोनी इलेक्ट्रिक गाड्या, त्याही परवान्याने. गंमत म्हणजे आता या बिनआवाजाच्या गाड्याच शेकड्यांनी झाल्यात आणि मुख्य रस्त्यावर चालणाऱ्यालाच पटकन बाजूला व्हावं लागतं. "गाडीमुक्त" हा शब्द जरा जपूनच घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मामला बदलला, कारण आता जुनं गाव वाढवायच्या ऐवजी रिकाम्या उतारावर नवं गाव उभं करायची टूम निघाली. फ्रान्समध्ये १९४६ पासून कूर्शेव्हेल उभं राहिलं आणि साठच्या दशकात तर सरकारी पाठबळावर स्की स्टेशनांची रांगच लागली. काँक्रीटचे उंच ब्लॉक, खाली मोठं पार्किंग, दारातून निघालं की थेट बर्फावर. आव्होरियाझ मात्र वेगळं निघालं. १९६० चा ऑलिम्पिक विजेता स्कीपटू जाँ व्ह्युआर्ने याच भागातला, त्याच्या पुढाकाराने १८०० मीटर उंचीवर हे गाव १९६६ मध्ये सुरू झालं ते पहिल्या दिवसापासून गाड्या वेशीवर ठेवूनच, आत घोड्यांच्या बर्फगाड्या. जुन्या गावात गाडी बंद करायला लोकांची मनं वळवावी लागतात, इथं वळवायला कुणी राहतच नव्हतं, म्हणून सोपं गेलं असं माझं मत. या सगळ्या बांधकामाचा जो अतिरेक झाला त्यातून १९८५ चा फ्रान्सचा पर्वत कायदा आला: नवीन बांधकाम शक्यतो आहे त्या गावाला, वाडीला लागूनच करायचं, डोंगरभर विखरायचं नाही. चालण्याबद्दल त्या कलमात काही नाही, पण वस्ती एकत्र राहिली तरच चालणं टिकतं.

अमेरिकेत व्हेल हे गाव १९६२ च्या डिसेंबरमध्ये अगदी मेंढ्या चरायच्या कुरणावर उघडलं, आल्प्सच्या गावांची नक्कल करत, मधे पायी फिरायची गल्ली. नक्कल म्हणून लोक हसले, पण गल्ली चालली. तिथं सत्तरच्या दशकात काम केलेला लँडस्केप आर्किटेक्ट एल्डन बेक नंतर कॅनडातल्या व्हिस्लरला गेला, आणि ही गोष्ट नीट बघण्यासारखी आहे.

व्हिस्लरला १९६६ मध्ये स्की सुरू झालं आणि दहा वर्षांत खोऱ्यात कुठंही, कसंही बांधकाम व्हायला लागलं, धड गाव नाही की ड्रेनेज नाही. मग १९७५ मध्ये प्रांताने या एका गावासाठी वेगळा कायदा केला आणि ठरलं की एकच केंद्र असेल, बाकी विखुरलेलं बंद. त्यासाठी निवडलेली जागा कुठली, तर कचरा टाकायचा डेपो! बेकने तिथं सरळ रस्ता काढलाच नाही, वळणं घेणारी पायवाट काढली, म्हणजे पुढं काय आहे ते चालल्याशिवाय कळत नाही, इमारती अशा बसवल्या की चौकात ऊन येईल आणि मधून शिखरं दिसतील, गाड्या जमिनीखाली आणि कडेच्या मैदानात. १९८० मध्ये गाव उघडलं आणि लगेच मंदी आली, व्याजदर भडकले, जमिनीचं काम बघणारी कंपनी बुडायला आली आणि शेवटी प्रांत सरकारला वाचवावं लागलं. पुस्तकांत पायवाटेचे फोटो असतात, हा भाग नसतो.

व्हिस्लरने आणखी एक केलं, वाढ घरांत न मोजता "बेड युनिट"मध्ये मोजली, म्हणजे रात्री किती माणसं झोपू शकतील. त्यावर कमाल मर्यादा घातली. मर्यादा आली की भाव चढणारच, चढले, आणि हॉटेलात काम करणारे, स्की-लिफ्ट चालवणारे लोक खोऱ्यात खाली फेकले जायला लागले. ज्या गावात पाहुणा गाडी न काढता आठवडा घालवतो, त्याच गावातला स्वयंपाकी मात्र रोज गाडीने येतो. म्हणून १९९७ मध्ये तिथं वेगळी गृहनिर्माण संस्था काढली, आणि किमान ७५ टक्के कामगार गावातच राहिले पाहिजेत असं उद्दिष्ट ठेवलं.

युरोपात हाच प्रश्न दुसऱ्या तोंडाने आला. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ ला सार्वमत झालं आणि ५०.६ टक्के मतांनी, म्हणजे अगदी काठावर, ठरलं की ज्या गावात सेकंड होम २० टक्क्यांच्या वर गेलीत तिथं नवीन सेकंड होम नको. वर्षातले दोन आठवडे वापरायची आणि बाकी बंद अशी घरं, तिकडे त्यांना "थंड बिछाने" म्हणतात. पण कायद्यात जुन्या घरांना मोकळीक राहिली, ती बाहेरच्या माणसाला सुट्टीचं घर म्हणून विकता येतात. जुनी घरं कुठं असतात? गावाच्या मधोमध, जिथून सगळं चालत दोन मिनिटांवर. पैसेवाल्याचा डोळा आधी त्यांच्यावरच जाणार.

चालायला मदत करायची यंत्रंही याच इतिहासात येतात. ऑस्ट्रियातलं झेरफाउस, जेमतेम हजार-बाराशे वस्तीचं गाव, गाड्यांनी इतकं गुदमरलं की १९८५ मध्ये त्यांनी चक्क मुख्य रस्त्याखाली भुयारी रेल्वे बांधली, १२८० मीटर लांब, चार स्टेशनं, तिकीट नाही. एका टोकाला पार्किंग, दुसऱ्या टोकाला डोंगरावर नेणारी स्की-लिफ्ट. वेडेपणा वाटतो, पण स्कीचं ओझं घेऊन चढ चढायला कुणी तयार नसतं हे त्यांनी मान्य केलं, नुसते फलक लावले नाहीत.

कोलोरॅडोतलं माउंटन व्हिलेज तर नाव आणि काम एकच. सुमारे २९०० मीटर उंचीवरचं हे गाव १९९५ मध्ये अधिकृतपणे गाव झालं, आणि पुढच्याच वर्षी खालच्या टेल्युराइड गावाला कड्यावरून जोडणारा रोपवे सुरू झाला. रस्त्याने वळसा, रोपवेने तेरा मिनिटं, आणि फुकट. मुख्य खर्च निघतो तो माउंटन व्हिलेजमधल्या मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवर घेतल्या जाणाऱ्या ३ टक्के आकारणीतून, म्हणजे महागड्या घरांची उलाढाल जितकी जास्त तितका फुकट प्रवासाला पैसा. आणि रोज त्यात बसतात ते फक्त पाहुणे नाहीत, कामाला जाणारे लोकही आहेत. रोपवे चालवण्याचा करार २०२७ च्या अखेरीपर्यंतचा, त्यामुळे काही वर्षं तिथल्या बैठकांत चर्चा कुंड्यांची नाही, नव्या केबिनचे आणि पुढच्या खर्चाचे पैसे कुणी द्यायचे याची चालली.