फवारणीची विषबाधा, रक्तातला फरक आणि दहाचा भागाकार

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. पुढची चर्चा डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, चायना पंप, एकात एक मिसळलेली औषधं आणि न लावलेला मास्क यांभोवतीच फिरली. पण गावागावात दर हंगामाला एक प्रश्न निघतोच. औषध एकाच डब्यातलं, शेत एकच, मग एक जण चक्कर येऊन पडतो आणि दुसरा संध्याकाळी टपरीवर चहा पीत बसलेला असतो, हे कसं? उत्तराचा मोठा भाग अंगावर किती औषध सांडलं, किती घाम आला, पोटात काय होतं यात आहे. उरलेला भाग रक्तात आहे, आणि त्याचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं १९३० च्या दशकातल्या जर्मनीतली. सरीनसारखे युद्धवायूही त्याच प्रयोगशाळांमधून निघाले. ती मज्जातंतूंजवळचं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात. रक्तातलं दुसरं एक विकर उलट त्या विषाचेच तुकडे करतं. हा भेद १९५३ पर्यंत स्पष्ट झाला होता. त्याच दशकात भूलतज्ज्ञांना वेगळाच अनुभव येत होता. सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारं इंजेक्शन एरवी काही मिनिटांत उतरतं. पण क्वचित एखाद्या रुग्णाचा श्वास तासन्‌तास परत येत नसे. त्याच्या रक्तातलं स्यूडोकोलिनेस्टरेज जन्मतःच कमी किंवा सदोष असे. आपल्याकडे आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. ऑरगॅनोफॉस्फेट अंगात गेलं की हेच विकर त्याचा थोडा भाग स्वतःवर झेलतं, त्यामुळे ते कमी असेल तर एक आडोसा कमी होतो.

खरा गुंता विष तोडणाऱ्या विकराचा, म्हणजे पॅराऑक्सोनेजचा. त्याच्या साखळीत १९२ व्या जागी दोनपैकी एक अमिनो आम्ल असतं, हे १९९३ मध्ये कळलं. त्यावरून ‘क्यू’ आणि ‘आर’ हे दोन प्रकार. पॅराथिऑन या कीटकनाशकापासून यकृतात जे खरं विष तयार होतं ते पॅराऑक्सॉन. ते ‘आर’ कितीतरी वेगाने तोडतं, म्हणून ‘आर’वाले नशीबवान ठरले. १९९६ मध्ये चित्र फिरलं: सरीन आणि सोमान या युद्धवायूंच्या बाबतीत ‘क्यू’ सरस निघालं. २००० च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांनी आणखी कोडं घातलं. हे विकर मुळातच नसलेले उंदीर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाच्या विषारी रूपाला लगेच बळी पडले, पण ज्या पॅराऑक्सॉनवरून विकराला नाव मिळालं, त्याच्यापुढे ते इतर उंदरांइतकेच टिकले. परीक्षानळीतला वेग शरीरातल्या कमी मात्रेत उपयोगाचा नव्हता. तेव्हा ‘कमकुवत जनुक’ असं सरसकट काही नाही. कोणत्या डब्यापुढे कमकुवत, ते आधी सांगावं लागतं. शिवाय प्रकारापेक्षा प्रमाण महत्त्वाचं. एकाच प्रकारच्या दोन माणसांत हे विकर कितीतरी कमी-जास्त असतं.

या सगळ्याचा धोरणाशी संबंध येतो तो एका भागाकाराने. प्राण्यांना ज्या मात्रेपर्यंत काही होत नाही ती मात्रा घ्यायची, प्राण्यापासून माणसापर्यंत येण्यासाठी १० ने भागायची, आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा १० ने. हा शंभराचा हिशेब अमेरिकेत १९५४ मध्ये मांडला गेला आणि जगभर रूढ झाला. तेव्हा या जनुकाची कुणाला गंधवार्ताही नव्हती. दहा हा अनुभवावरचा सोयीचा, गोल आकडा होता. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर माता आणि त्यांच्या नवजात बाळांची रक्तं तपासली गेली. बाळाबाळांतच या विकराच्या प्रमाणात सुमारे २६ पटींचा फरक होता, आणि बाळांची सरासरी आयांच्या सुमारे चौथाई. एका विकरातला फरक म्हणजे लगेच धोक्यातला तेवढाच फरक नव्हे, असा उद्योगाच्या बाजूचा युक्तिवाद आहे आणि तो चुकीचा नाही. पण १० पुरेसेच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग कुणाची, याचं उत्तर त्या बाजूने सहसा येत नाही. अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी आणखी एक १० चा भागाकार घातला. त्यातही पळवाट ठेवली: भरवशाची माहिती असेल तर तो गाळता येतो.

जनुकांचा दुसरा उपयोग जास्त अडचणीचा आहे. ज्यांना त्रास होईल असे कामगार आधीच हेरून बाजूला काढावेत, ही कल्पना १९३८ मध्येच मांडली गेली होती. विष तेच ठेवायचं आणि माणूस बदलायचा, असा तो मार्ग. अमेरिकेने २००८ मध्ये जनुकीय माहितीवरून नोकरी नाकारायला बंदी केली. त्याआधीच, १९७४ पासून, कॅलिफोर्नियात एक साधा नियम होता. हंगामापूर्वी कामगाराचं कोलिनेस्टरेज मोजून ठेवायचं. नंतर लाल पेशींतलं ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातलं ६० टक्क्यांवर घसरलं की त्याला फवारणीवरून हटवायचं. तुलना स्वतःच्याच जुन्या आकड्याशी. याला कारण आहे. निरोगी माणसांतच हा आकडा इतका वेगवेगळा असतो की जन्मतः जास्त असलेल्याचं विकर निम्म्यावर आलं तरी अहवालात ‘नॉर्मल’ छापून येतं. विदर्भात रोज वेगळ्या शेतावर जाणाऱ्या मजुराचा असा जुना आकडा कुणाकडे असणार?

अलीकडचा वाद क्लोरपायरीफॉसचा. अमेरिकेत बहुतेक घरगुती वापर २००० च्या करारानंतर थांबला. पिकांवरची बंदी २०१५ मध्ये प्रस्तावित झाली, २०१७ मध्ये नाकारली गेली, २०२१ मध्ये खाद्यपिकांसाठी जाहीर झाली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. युरोपीय संघाने २०२० मध्ये परवानगी वाढवून दिली नाही. भारतात त्याच वर्षी २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा निघाला, त्यात क्लोरपायरीफॉसही होतं. पुढे यादी आटत गेली आणि क्लोरपायरीफॉस तिच्यातून सुटलं.