घाबरलेलं जनावर आणि आमच्या सिस्टर

जनावरांच्या दवाखान्यात आल्या आल्या जनावराला टेबलावर का घेत नाही, सिस्टर नुसत्याच जवळ का बसून राहतात, असं बरेच जण विचारतात. मांजराची रक्तातली साखर नुसत्या भीतीने वाढते. मधुमेह नसतानाही रिपोर्ट तसा येऊ शकतो. कुत्र्याचे ठोकेही घाबरल्यावर खरे कळत नाहीत. त्यामुळे जनावराला शांत करणं हा आम्ही उपचारच मानतो, आणि ते काम मुख्यतः सिस्टरांचं.

कुत्रा अनोळखी असेल तर सिस्टर डोळ्याला डोळा न भिडवता, अंग तिरकं करून जमिनीवर बसतात. तो सारखे ओठ चाटतोय, झोप नसताना जांभया देतोय, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतोय, असं दिसलं की हात मागे घेतात. अगदी गप्प बसलेला कुत्रा शहाणाच असतो असं नाही; पुष्कळदा तो भीतीने गोठलेला असतो. मांजराला आम्ही मानगुटीला धरून ओढत नाही. पिंजऱ्याचं झाकण काढतो आणि टॉवेल अंगावर असू देऊन आहे तिथेच तपासतो.

मांजर दुखणं लपवतं. खाणं कमी होतं, अंग चाटणं थांबतं, कोपरा सुटत नाही, एवढंच दिसतं. म्हणून ‘आज जरा वेगळं वाटतंय’ हे तुमचं वाक्यही केसपेपरवर लिहिलं जातं, निःसंकोच सांगा. मात्र घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

येण्याच्या काही दिवस आधीपासून पिंजरा घरात उघडा ठेवा, आत मांजराची रोजची चादर घाला. कुत्रा पूर्वी चावला असेल तर आधीच सांगा. तोंडाला जाळी लावली तरी ती शिक्षा नव्हे. तिच्यामुळे धरणाऱ्याचा हात सैल राहतो.

शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर काय होईल ते सिस्टर आधी सांगतात: डोळे उघडे राहतात, लघवी होऊ शकते, नंतरही एखादा श्वास घेतल्यासारखं दिसतं, पण त्याला तेव्हा काही जाणवत नसतं. तुम्हाला आत थांबणं झेपत नसेल तर बाहेर बसा, त्यात गैर काही नाही. सिस्टर त्याच्या डोक्यावर हात ठेवून शेवटपर्यंत थांबतात. त्या दिवशी काउंटरवर बिल मागितलं जात नाही. ते नंतर फोनवर कळवतो.